कानावरची गाठ आणि तुमचं ‘आज नको’

डॉक्टर मॅडम,

हे पत्र तुमच्या हातात देता आलं असतं. पण माझ्यासारखी गाठ घेऊन वर्षानुवर्षं फिरणारी माणसं खूप आहेत, त्यांनीही ते वाचावं असं वाटलं, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वाचलंत की तुम्हाला कळेलच.

कानाच्या पाळीवर दुसरं भोक पाडून घेतलं तेव्हा मी १९ वर्षांची होते. दोन-तीन महिन्यांनी भोकाच्या मागच्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढा फुगवटा आला. वर्षभरात तो गोटीएवढा झाला. घट्ट, गुळगुळीत, चकचकीत, कडेने जांभळट. लोकांना तो नुसता दिसायचा. मला मात्र तो रात्री अडीच वाजता उठवायचा, कारण त्याला खाज यायची आणि ती खाज खाजवून शमायची नाही. त्या कुशीवर झोपता येत नव्हतं. फणीचा दात अडकला की डोळ्यांत पाणी यायचं. फोन कायम दुसऱ्या कानाला. केस वर बांधायचे तर मी सोडूनच दिले होते.

तुमच्याकडे येण्याआधी दोन ठिकाणी जाऊन आले होते. पहिल्या ठिकाणी भूल देऊन २० मिनिटांत गाठ कापली, चार टाके घातले, ‘झालं’ म्हणून घरी पाठवलं. सहा महिन्यांत ती परत आली, आणि आधीपेक्षा मोठी. दुसऱ्या ठिकाणी ‘लेसरने मुळासकट जाळून टाकू’ म्हणाले. जाळली. तीही परत आली. मला कोणी फसवलं असं मी म्हणणार नाही. पण याला केलॉइड म्हणतात, हा साध्या वणापेक्षा वेगळा असतो, तो परत येऊ शकतो, एवढी तीन वाक्यं दोन्ही ठिकाणी कोणी बोललं नाही. मग मी सगळा दोष स्वतःकडे घेतला. मलम नीट लावलं नसेल, सारखा हात लावला असेल, पाणी लागलं असेल.

म्हणून तुमच्या समोर बसल्या बसल्या मी विचारलं, “आज काढून द्याल का?” आणि तुम्ही म्हणालात, “आज नको.”

त्या दोन शब्दांसाठी मुख्यतः हे पत्र आहे.

तेव्हा मला राग आला होता, हे आता सांगते. पण त्यानंतर तुम्ही जे केलंत ते त्याआधी कोणीच केलं नव्हतं. अंगठा आणि तर्जनीत गाठ धरून ती किती घट्ट आहे ते पाहिलंत. खाज कधी येते, दुखतं की टोचतं, वाढ थांबली आहे की चालू आहे, सगळं विचारलंत. खणातून छोटी पारदर्शक पट्टी काढून लांबी, रुंदी, उंची मोजलीत, फोटो काढलात. घरात कोणाला असे वण आहेत का विचारलंत, तेव्हा सोबत आलेली माझी आई गप्प बसली आणि मग हळूच म्हणाली की तिच्या छातीवर एक आहे, पुळीचा. २५ वर्षं तिने तो कोणाला दाखवला नव्हता. मलाही नाही.

मग फाइलच्या मागच्या कोऱ्या पानावर तुम्ही एक गोल काढलात, ही जखम. त्याच्या बाहेर पसरणारी दुसरी वेडीवाकडी रेघ काढलीत, हा केलॉइड. जखम भरताना त्वचेतल्या फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कोलॅजन, म्हणजे त्वचेला बळकटी देणारं प्रथिन, तयार करतात. काम झालं की त्या थांबतात. काहींच्या शरीरात त्या थांबतच नाहीत, आणि वण जखमेची हद्द ओलांडून शेजारच्या चांगल्या त्वचेत शिरतो. नुसता फुगलेला वण जखमेच्या हद्दीत राहतो आणि बऱ्याचदा काळाने बसतो, हा बसत नाही. १९व्या शतकाच्या सुरुवातीला अलिबेर नावाच्या फ्रेंच वैद्याने या वणाला दिलेलं नाव खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आलं आहे, हेही तुम्ही सांगितलंत. गडद वर्णाच्या लोकांत तो जास्त आढळतो आणि घराण्यातही चालतो. कानाची पाळी, छाती, खांदे, पाठीचा वरचा भाग या त्याच्या ठरलेल्या जागा. त्या पानावर शेवटी तुम्ही एक आकडा लिहिलात: नुसतं कापलं तर परत येण्याचं प्रमाण ४५ ते १०० टक्के. ते पान माझ्याकडे अजून आहे. घरी जाऊन आईने ते दोनदा वाचलं. माझा हात लागल्याने काही झालं नव्हतं.

“आधी तिला शांत करू, मग कापू, आणि कापल्यावर लगेच तिला डोकं वर काढू द्यायचं नाही,” असं तुमचं म्हणणं होतं. दर चार आठवड्यांनी ट्रायॅमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं, पाच वेळा. ती दुखतात, ते तुम्ही लपवलं नाहीत. गाठ इतकी टणक होती की औषध आत जाईना. तुमचा अंगठा सिरिंजच्या दट्ट्यावर पांढरा पडलेला मला आरशात दिसायचा. मी श्वास रोखला की तुम्ही थांबायचात. दुसऱ्या इंजेक्शननंतरच्या आठवड्यात एका सकाळी लक्षात आलं, रात्रभर जाग आली नव्हती. सुईच्या आसपासची त्वचा थोडी फिकी पडली, पण ती पडू शकते हे आधीच सांगितलेलं असल्यामुळे घाबरले नाही.

रेडिएशन म्हटल्यावर मात्र घाबरले. आमच्या घरात तो शब्द फक्त कॅन्सरच्या संदर्भात उच्चारला जायचा. कानावरच्या एका गाठीसाठी किरण घ्यायचे? दुसरं कोणी असतं तर ‘काही होत नाही’ म्हणून विषय संपवला असता. तुम्ही म्हणालात, “तुमची भीती खोटी नाही,” आणि इतिहास सांगितलात. क्ष-किरणांचा शोध १८९५ मधला. त्यानंतर थोड्याच वर्षांत डॉक्टर ते त्वचेवर वापरू लागले, केलॉइडवरही. पण त्याच काळात आणि पुढे कितीतरी वर्षं मुलांच्या डोक्यातल्या गजकर्णासाठीसुद्धा ते सर्रास दिले गेले, केस गळून बुरशी जावी म्हणून. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ग्रिसिओफल्विन हे पोटात घ्यायचं औषध मिळालं आणि ती पद्धत मागे पडली. त्या मुलांपैकी काहींना मोठेपणी थायरॉइडचे आणि मेंदूचे ट्यूमर झाले. म्हणूनच आज लहान मुलांना आणि गरोदर बायकांना हा उपचार टाळतात, म्हणूनच तुम्ही मला आधी गरोदरपणाची तपासणी करायला लावलीत. आणि म्हणूनच इलेक्ट्रॉनचा झोत निवडतात: तो त्वचेत काही सेंटिमीटरच जातो आणि विरतो. धोका अगदी शून्य नाही, पण फार कमी आहे, हे तुम्ही सही घेण्याआधी सांगितलंत. विचार करायला मला दोन आठवडे दिलेत. त्या दोन आठवड्यांत तुमच्याकडून एकदाही ‘ठरलं का?’ असा फोन आला नाही.

शस्त्रक्रिया सकाळी झाली आणि त्याच दिवशी दुपारी पहिलं रेडिएशन. टाके ओले असताना! मला वाटलं होतं जखम भरेपर्यंत थांबतील. पण त्या पेशी भरणीच्या कामाला लागतात तेव्हाच त्यांना आवर घालायचा असतो, उशीर केला तर उपयोग कमी. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याआधी तुम्ही रेडिएशन विभागाची वेळ घेऊन ठेवली होतीत. उपचाराइतकीच त्याची वेळ महत्त्वाची, हे मला त्या दिवशी कळलं. पहिल्या ठिकाणी कापलं होतं तेही काही वाईट कापलं नव्हतं. त्याच्या मागे-पुढे काहीच नव्हतं, इतकंच.

त्या विभागातल्या तंत्रज्ञ दादांचेही आभार माझ्या वतीने पोचवा. त्यांचं नाव विचारायचं राहिलं. शिशाचा पातळ पत्रा माझ्या कानामागे ठेवताना त्यांनी त्यावरचा मेणाचा थर दाखवला. इलेक्ट्रॉन शिशावर आपटून उलटे फिरतात, ते मेणात अडकावेत म्हणून तो थर. मग वरून जेलीसारखी मऊ पट्टी ठेवली, तिला ते बोलस म्हणत होते. त्याशिवाय किरणांचा पूर्ण जोर त्वचेच्या वरच्या पातळीवर मिळत नाही. “आता मी बाहेर जातोय, पण तुम्ही मला पडद्यावर दिसताय. हात वर केलात की थांबवीन.” जड दार बंद झालं. यंत्राचा गुणगुणाट, आणि एवढ्यात संपलंसुद्धा. काही जाणवलं नाही. असं सलग तीन दिवस. शेजारच्या बाकावर बसलेल्या एका आजींना पाच आठवडे यायचं होतं. त्यांनी मला विचारलं, “तीनच दिवस? बरं झालं गं बाई,” आणि माझ्या गालावरून हात फिरवला.

तुमच्या प्रतीक्षाकक्षात बसून मी त्वचेबद्दल जितकं शिकले तितकं कधी कुठे शिकले नव्हते. एक शाळकरी मुलगा आठवड्यातून दोनदा यायचा, हातांवर कोड होतं. काळा गॉगल घालून तो नळकांड्यांच्या दिव्यांच्या उभ्या कपाटात जायचा. ३११ नॅनोमीटरच्या आसपासची अरुंद पट्ट्यातली अतिनील किरणं, असं त्यानेच मला समजावलं, अगदी तुमच्या आवाजात. केसांच्या मुळांभोवती रंगाचे ठिपके परत आलेत ते तो प्रत्येकाला दाखवायचा. आणि नाकावर गॉज लावलेले एक काका एका दुपारी तीन वेळा आत-बाहेर झाले. त्यांचा बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेचा एक कॅन्सर, तुम्ही थर काढून, तो लगेच सूक्ष्मदर्शकाखाली तपासून, जिथे पेशी उरल्या असतील तेवढ्याच जागेवर पुन्हा काढत होतात. फ्रेडरिक मोह्‌स यांनी १९३० च्या दशकात सुरू केलेली ही पद्धत. तिसऱ्यांदा बाहेर आले तेव्हा काका म्हणाले, “कडा साफ आल्या.” आम्ही अनोळखी माणसांनी तिथे टाळ्या वाजवल्या.

लेसरचं नाव काढलं तेव्हा मात्र मी मान हलवली. एकदा जळून झालं होतं. तुम्ही तेव्हाही घाई केली नाहीत. आधीच्या ठिकाणी जे वापरलं ते कार्बन डायऑक्साइड लेसर असणार, म्हणालात. त्याचा १०,६०० नॅनोमीटरचा प्रकाश पेशींतलं पाणी शोषतं आणि त्वचा वाफ होऊन जाते. शरीराच्या दृष्टीने ती पुन्हा एक जखमच. आता टाक्यांची रेघ लालच राहिली होती, तिच्यासाठी हवा होता पल्स्ड डाय लेसर, ५९५ नॅनोमीटरचा. तो रक्तातलं हिमोग्लोबिन पकडतो, त्यामुळे बारीक रक्तवाहिन्या बंद होतात आणि वरची त्वचा शाबूत राहते. योग्य रंगाचा प्रकाश, योग्य तेवढ्याच क्षणापुरता दिला तर हवं तेच तापतं, हे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडलं. पण माझ्या सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन हे रंगद्रव्यही तो प्रकाश शोषतं, म्हणून आधी कानामागे एका ठिपक्यावर चाचणी, मग काही आठवडे वाट बघणं. डोळ्यांवर धातूच्या वाट्या, थंड फवारा, आणि रबर बँड ताणून सोडावा तसा चटका. जागा आठवडाभर जांभळी पडली, मग उतरली. तीन वेळा केलं, तेवढं पुरलं.

आईने या वर्षी तिचा वण तुम्हाला दाखवला. तुम्ही तिला कापायला सुचवलं नाहीत. वाढत नाही, दुखत नाही, मग नुसती खाजेपुरती सिलिकॉनची पट्टी लावा म्हणालात. ती रोज रात्री लावते आणि सकाळी धुऊन ठेवते.

गेल्या आठवड्यात तपासणीला आले होते. शस्त्रक्रियेला अडीच वर्षं झाली. केस वर बांधलेले होते, तुमच्या लक्षात आलं असेल. तुम्ही पाळी दोन बोटांत धरून दाबून पाहिलीत, दिवा जवळ ओढलात, खणातून पट्टी काढलीत. मग ती न लावताच पुन्हा खणात ठेवलीत आणि फाइलमध्ये लिहिलंत, ‘मोजण्यासारखं नाही’. पुढची तारीख सहा महिन्यांनंतरची दिलीत.

येते मी, मॅडम. आईलाही घेऊन येईन.

तुमची,
डाव्या कुशीवर झोपू लागलेली पेशंट