चार ओळींचं काम

पुणे,
रविवार सकाळ

प्रिय सुहास,

परवा फोनवर तू विचारलंस, "चार ओळी लिहायला तीन दिवस?" तेव्हा मी रिक्षात होतो, धड सांगता आलं नाही. आज निवांत लिहितो.

आमच्याकडे ग्राहकांच्या नोंदी कायमच्या पुसणारं एक टूल आहे. आजवर ते माणसं वापरत होती. लाल बटण, "नक्की पुसायचं?" असं विचारणारी खिडकी, आणि मग स्वतःच्या हाताने खात्याचं नाव टाइप करायचं. आता तेच टूल एआय एजंटच्या, म्हणजे सांगितलेलं काम स्वतःच टूल चालवून करणाऱ्या एआयच्या, हाती जाणार आहे आणि त्याचं वर्णन लिहायचं काम माझ्याकडे आलंय. एजंटला बटणाचा लाल रंग दिसत नाही. टूलचं नाव, खालचं वर्णन आणि कुठल्या रकान्यात काय भरायचं याची यादी, एवढं वाचून तो ठरवतो. माणसाचा हात जिथे क्षणभर थबकायचा, तिथे आता फक्त माझं वाक्य उभं आहे. हे ध्यानात आलं तेव्हा खरंच पोटात गोळा आला रे.

त्याचं कारणही घडलं होतं. फिल्टर म्हणजे कुठल्या नोंदी पुसायच्या ती अट. जुन्या वर्णनात "फिल्टर: ऐच्छिक" असं लिहिलेलं होतं, आणि ते दोन वर्षांपूर्वी मीच लिहिलं होतं. चाचणीच्या सर्व्हरवर आम्ही एजंटला म्हटलं, "जुन्या नोंदी साफ कर." त्याने फिल्टर रिकामा सोडला. ऐच्छिक म्हटल्यावर कशाला भरेल? आणि रिकामा फिल्टर म्हणजे आमच्या टूलच्या लेखी 'सगळ्या नोंदी'. आख्खं टेबल उडालं. नोंदी खोट्या होत्या, कुणाचं काही गेलं नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. एजंटने लिहिल्याबरहुकूम केलं होतं. चूक त्या एका शब्दात होती.

गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीचा किस्सा तुला कधी सांगितलाय का? ३१ जानेवारी २०१७. रात्री उशिरा त्यांचा एक इंजिनियर बिघडलेल्या डेटाबेसशी झगडत होता. दुय्यम सर्व्हरवरचा डेटा पुसतोय असं समजून त्याने मुख्य सर्व्हरवरच आज्ञा दिली. एक-दोन सेकंदांत त्याला शंका आली, त्याने थांबवलं, तोवर सुमारे ३०० जीबीतले साडेचार उरले होते. बॅकअपच्या पाच सोयी होत्या, वेळेला एकही धड चालली नाही. साधारण सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेली एक प्रत होती, तिने वाचवलं. हे सगळं त्यांनी स्वतःच जाहीर लिहून ठेवलं, त्याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर आहे. मला अडकवून ठेवते ती त्या माणसाला आलेली शंका. दमलेल्या माणसालाही ती आली. एजंटला ती यावी असं वाटत असेल, तर ती आधीच लिहून ठेवावी लागते.

म्हणून पहिल्यांदा टूलचं नाव बदलायला लावलं. 'क्लीनअप' हे काय नाव झालं? केर काढल्यासारखं. मग पुन्हा-पुन्हा चालवण्याचा प्रश्न. नेटवर्क अडकलं, उत्तर आलं नाही, की एजंट तेच टूल परत चालवतो. 'सर्वांत जुन्या १०० नोंदी पुस' अशी सोय असेल तर दुसऱ्या वेळी पुढच्या १०० जातात. नोंदींचे क्रमांकच द्यायचे असतील तर दुसऱ्यांदा काहीच होत नाही. आता फक्त क्रमांक घेतले जातात.

नुसत्या शब्दांवर मात्र माझा भरवसा नाही. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल म्हणून एआयला टूल्स जोडण्याचं एक खुलं मानक आहे, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेलं. त्यात प्रत्येक टूलवर 'हे विध्वंसक आहे' अशी खूण करता येते. कुणी खूण केलीच नाही, तर टूल विध्वंसक आहे असंच धरायचं, हे मला फार आवडलं. पण ती खूण नुसती सूचना आहे, कुलूप नव्हे, असंही तिथेच स्पष्ट म्हटलंय. कुलूप कोडमध्येच हवं. त्यावर मी साहेबांशी दोन दिवस भांडलो. "इशारा ठळक अक्षरांत टाक," हे त्यांचं म्हणणं. शेवटी क्रमांकांची यादी रिकामी असेल तर टूल नकार देईल, एवढं मान्य झालं.

आता त्या चार ओळी, तुझ्यासाठी मराठीत:

"दिलेल्या क्रमांकांच्या नोंदी कायमच्या पुसतं. पुसलेली नोंद बॅकअपमधूनही परत आणता येत नाही. वापरकर्ता 'साफ कर' किंवा 'आवर' एवढंच म्हणाला असेल तर हे टूल वापरू नये. आधी मोजणीचं टूल चालवून किती नोंदी जातील तो आकडा त्याला दाखवावा आणि स्पष्ट होकार मिळाल्यावरच पुढे जावं."

तू दिवसभर दुकानात गोळ्यांच्या पाकिटांवरचं बारीक अक्षर वाचतोस, चिठ्ठीत दोन अर्थ निघाले तर डॉक्टरांना फोन करतोस. त्याच नजरेने हे वाच. 'स्पष्ट होकार' इथे मी अडलोय. "हं, चालेल" हा होकार धरायचा का? मंगळवारी हे पुढे जाणार आहे, त्याआधी फोन कर, रात्री कितीही वाजता.

वहिनींना नमस्कार, चिमुरडीला पापा.

तुझा,
अनिल