दिन्यास पत्र : संपतने वाट अडवली त्याबद्दल

प्रिय दिन्या,

सप्रेम नमस्कार. खरं तर सुरुवात शिवीने करणार होतो, पण तुझ्याकडे टपाल वहिनी उघडतात. इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे आहेत तसेच, माझी साखर गोळीवर आहे.

फोन न करता लिहितोय, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. मधेच स्पीकर लावतोस आणि भाच्याला हाक मारतोस. शिवाय संपतचाही फोन तुला येतो हे मला माहीत आहे. येऊ दे. पण तो सांगणार त्याचं, मी सांगणार माझं आणि तू चिंचवडला बसून दोघांनाही "हो रे, बरोबर आहे" म्हणणार. चौथीत गोट्यांच्या भांडणात तू हेच केलं होतंस. कागदावर लिहिलं की निदान माझं एकदा पुरतं ऐकशील.

बेंदराच्या दुसऱ्या दिवशी संपतने जेसीबी लावून चर मारला. आपल्या वाटेचा चिंचेपासून ओढ्याच्या उतारापर्यंतचा जो तुकडा आहे, बरोबर तिथे. आदल्या दिवशी आमच्या बैलांना त्याच्या दारात त्याच्याच बायकोने ओवाळलं होतं. सकाळी मी सायकलवरून गेलो तर समोर कमरेइतका खड्डा आणि पलीकडे त्याचा राहुल तारेचे खांब रोवतोय. मला बघून पोरगं हसलं, "काका, आता वरनं फिरून या." वरनं म्हणजे कुठनं? वर कालवा आहे. संपत बांधावर उभा होता, माझ्याकडे न बघता.

त्याची बाजूही सांगतो, नाहीतर तू म्हणशील विठ्या अर्धंच सांगतो. जिहे-कटापूर योजनेचं पाणी आल्यापासून आपल्याकडचं सगळं बदललं. ज्या रानात आपण बाजरी आणि बटाट्यावर दिवस काढले, तिथे आता ऊस उभा आहे. बैलगाडी जायची त्या वाटेने ट्रॅक्टर आणि डबल ट्रॉली जायला लागली. मागच्या तोडीला टोळीवाल्याने वळण घेताना त्याच्या ठिबकच्या नळ्या फोडल्या, हे खरं. त्याचे पैसे देतो म्हटलं तर घेतले नाहीत. तेव्हाच ओळखायला हवं होतं. संप्या पैसे घेत नाही म्हणजे हिशेब मनात ठेवतोय.

मी आधी पोलीस ठाण्यात गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, अदखलपात्र म्हणून नोंद केली आणि सांगितलं की हे महसुलाचं काम आहे, तहसीलला जा. मग तुझ्या भाच्याने तो अर्जाचा मसुदा पाठवला, जमीन महसूल कायद्याच्या कलम 143 चा. पोराने मनापासून केलं होतं, त्याला माझे आशीर्वाद सांग. इंग्रजी तर असं की मी दोनदा वाचूनही भांडण कुणाचं आहे ते कळेना. मी तो तसाच देणार होतो, पण मंगल म्हणाली, पुण्याच्या पोराला आपला ओढा माहीत आहे का? वडूजला कुणाला तरी दाखवा.

मग कोर्टासमोरच्या वकीलबाईंकडे गेलो. आपल्याच तालुक्यातल्या, चाळिशीच्या असतील, बोलणं थोडं. मी आजोबांपासून सुरुवात केली तर हात वर करून म्हणाल्या, "गावनकाशा आणलाय का?" नव्हता आणला. भूमी अभिलेखातून नक्कल काढून पुन्हा गेलो. त्यांनी नकाशा टेबलावर पसरला, आपल्या गटाजवळ बोट ठेवलं आणि ओढ्याकडे जाणारी तुटक रेघ दाखवली. दिन्या, ती आपली वाट! मी जन्मभर त्या वाटेने चाललो, पण ती नकाशात आहे हे मला माहीत नव्हतं.

मग भाच्याचा मसुदा वाचून त्यांनी बाजूला ठेवला. म्हणाल्या, 143 खाली तहसीलदार बांधावरून नवीन वाट देतात. ज्याला वाटच नाही त्याच्यासाठी ते कलम. तुमची वाट जुनी आहे आणि ती कुणीतरी अडवली आहे. त्याला मामलेदार कोर्ट कायदा लागतो, 1906 चा, कलम 5. तुम्ही 143 चा अर्ज दिला तर आम्हाला वाट नव्हतीच असं स्वतःच्या सहीने लिहून दिल्यासारखं होईल, आणि समोरचा वकील नेमकं तेवढंच धरून बसेल. दोन्ही अर्ज तहसीलदारांकडेच जातात, म्हणून लोक गल्लत करतात. आपल्या पणज्यांनी ज्या कायद्याखाली एकमेकांना मामलेदार कचेरीत ओढलं असेल तोच अजून चालू आहे, हे ऐकून मला उगाच बरं वाटलं.

मी बांधाचाही विषय काढला. संपतने उत्तरेचा बांध कोरलाय हे तुलाही दिसलं होतं मागच्या मे महिन्यात. त्या म्हणाल्या, तो वेगळा विषय. त्याला सरकारी मोजणी लागेल, अतिक्रमण निघालं तर दिवाणी दावा. एका अर्जात दोन्ही घातलं तर दोन्ही लोंबकळेल. आधी वाट. आणि एक ताकीद दिली : चर स्वतः बुजवायचा नाही, तारेला हात लावायचा नाही. आज तुम्ही फिर्यादी आहात, फावडं उचललंत की उद्या आरोपी. हे त्यांनी का सांगितलं ते तुला कळेल, कारण त्याच रात्री मी फावडं घेऊन निघालो होतो आणि मंगलने दाराला आतून कडी घातली होती.

मधे तंटामुक्तीचा अध्यक्ष मध्यस्थीला आला. (ज्याच्या स्वतःच्या भावाशी तीन केसी चालू आहेत तोच, होय.) आधी मारुतीच्या देवळात चहा, मग म्हणाला, संपत वाट द्यायला तयार आहे, फक्त एक समजुतीचा कागद करू. स्टॅम्प आणूनच ठेवला होता. पूर्वी शंभराचा चालायचा, आता पाचशेचा लागतो. सरकारने भांडणंही महाग केली. संपत समोर बसला होता, खाली मान घालून. मला इतकं हलकं वाटलं की तिथेच सही करून त्याला मिठी मारावी. पण मंगलची ताकीद होती, वाचून दाखवल्याशिवाय कुठल्याच कागदाला हात लावायचा नाही. चष्मा घरी राहिलाय म्हणालो आणि झेरॉक्स घेऊन आलो. चष्मा खिशातच होता.

वकीलबाईंनी त्यातल्या एका ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली. ओळ अशी : सदर वाट लिहून देणार यांनी मर्जीने व परवानगीने वापरण्यास दिली असून त्यांनी सांगताच ती बंद करण्यास लिहून घेणार यांची कोणतीही हरकत राहणार नाही. म्हणाल्या, 1882 च्या सुविधाधिकार कायद्याने 20 वर्षं उघडपणे, अडथळ्याशिवाय आणि हक्काने वापरलेल्या वाटेवर हक्क बसतो. परवानगीने वापरलेल्या वाटेवर तो कधीच बसत नाही, मग शंभर वर्षं चाला. या ओळीखाली सही केलीत तर तुमच्या आजोबांपासूनचं चालणं त्यांच्या मेहेरबानीचं ठरेल. राहुल उद्या कुंपण पुन्हा लावेल आणि हाच कागद तुम्हाला दाखवेल.

ती ओळ संपतला सुचणं शक्य नाही. तो सातवीत मराठीत नापास झाला होता, आपण दोघांनी त्याला निबंध पाठ करून दिला होता. कुणीतरी जाणत्याने लिहून दिली आहे. म्हणजे माझ्याआधी तो वकिलाकडे जाऊन आला होता. याचा मला राग यायला हवा. मला वाटलं वाईट. मी तुझ्या आणि त्याच्या नावाने देवळात नारळ फोडत बसलो आणि त्याने कागद तयार करून आणला.

बरं, यात एक मेख आहे, तीच माझी झोप खाते. कलम 5 चा दावा अडथळा झाल्यापासून 6 महिन्यांत लावावा लागतो. त्यानंतर त्या कायद्याचं दार बंद, मग दिवाणी कोर्ट आणि वर्षानुवर्षांच्या तारखा. बेंदरापासून मोज. पुसेगावची यात्रा झाली की हातात फारसे दिवस उरत नाहीत. आणि गाव काय म्हणतं, थांब, बोलणी चालू आहेत. आबा म्हणाले, दिवाळी होऊ दे. मग म्हणाले, तुळशीची लग्नं होऊ देत. प्रत्येक जण चांगल्या मनाने बोलतो आणि माझे दिवस जातात. मी वकीलबाईंना विचारलं, दावा लावला की बोलणी संपली का? म्हणाल्या, अजिबात नाही. दावा लावा आणि बोलत राहा. तहसीलदारांसमोर तडजोड लिहून देता येते, आणि तोवर तहसीलदार जागेवर येऊन पाहणी करतील, पंचनामा होईल. मुदत गेली तर मग तुमच्याशी बोलायची संपतला गरजच काय?

हे मला पटतं. पण पटलेलं घरी आणलं की आई विचारते, नानांच्या पोरावर केस करणार का तू? तात्या गेले तेव्हा त्याने खांदा दिला होता. हो, दिला होता. आणि आता पलीकडे ऊस तोडीला आलाय, टोळी आली तर ट्रॉली कुठून आत नेऊ?

शेवंताकाकूचंही रान पलीकडेच आहे. तिला वाटलं वकिलाला पैसे कुठले, म्हणून गप्प होती. वकीलबाईंनीच सांगितलं की कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते आणि बाईमाणसाला वकील मोफत मिळतो, उत्पन्न किती ते बघत नाहीत. काकू म्हणाली, विधवांना का? म्हटलं, नाही गं, बाई असलं की पुरे. आता ती माझ्यापेक्षा तयारीत आहे, रोज विचारते, "कधी जायचं?" आणि एसटी स्टँडवर एक गृहस्थ भेटला, काम करून देतो, निकाल लागला की ऊसबिलातले एवढे टक्के द्या. वकिलाला निकालात हिस्सा मागताच येत नाही, हे मला तोवर कळलं होतं. चहा त्याच्याच पैशाने प्यालो आणि उठलो. आमच्या वकीलबाईंनी फी पहिल्या दिवशीच सांगितली, टप्प्याटप्प्याने घेतात.

आता मुख्य गोष्ट. इतकी पानं मी तिच्याभोवतीच फिरतोय, तू ओळखलंही असशील.

वकीलबाईंनी विचारलं, वाट जुनी असल्याचं सांगणारं कोण आहे? गावातला प्रत्येक जण कुणाच्या तरी बाजूचा आहे. ज्याचं तिथे आता काही नाही आणि ज्याने ती वाट वापरली आहे, असा माणूस हवा. माझ्या डोळ्यांसमोर तूच आलास. तुमचं रान विकल्यापासून तुझा गावात गुंठाही नाही. (ते विकताना मला एका शब्दाने विचारलं नाहीस यावरून आपण किती काळ बोललो नव्हतो! माझं मत अजून तेच आहे. तुझ्या भूमिहीन असण्याचा हा पहिलाच उपयोग.) तुमची गुळाची गाडी त्याच वाटेने जायची. शाळेला आपण तिघं तिथूनच जायचो. प्रतिज्ञापत्रावर एवढंच लिहायचं आहे, जे खरं आहे तेवढंच, संपतविरुद्ध एक शब्दही नाही. पण ते त्याच्याविरुद्धच जाणार, हे न कळण्याइतके आपण कुणीच लहान नाही.

आणि दुसरं. तुझ्या लग्नाच्या अल्बममध्ये वरातीचा फोटो आहे. बैलगाडी, मागे चिंच, आणि गाडीपुढे फेटा सोडून नाचणारा संप्या. 1991 चा. वकीलबाईंना मी सहज बोललो, तर म्हणाल्या, तो आणा, मूळ प्रत आणा. तेव्हापासून मला तो फोटो आठवला की कसंतरी होतं. त्यात तो किती आनंदात आहे.

मी तुला गळ घालत नाही. तू नाही म्हणालास तर आपल्यात काही बिघडणार नाही. आधीच बिघडलंय त्यापेक्षा जास्त काय बिघडणार? एक करता येईल. त्याने तुला फोन केला की सांग की विठ्याने मला असं असं विचारलंय. लपवू नकोस. त्या कागदातली ती ओळ काढून साधी समजूत लिहायला तो तयार असेल, ट्रॉलीसाठी वळण कुठून घ्यायचं ते ठरवायला तयार असेल, तर मी उद्या येतो. त्याच्या नळ्या मी जमिनीखालून घालून देतो, खर्च माझा. आणि वाटेची नोंद दोघांच्या सात-बाऱ्याला इतर हक्कात करून घेऊ, म्हणजे राहुलला आणि माझ्या पोरांना पुन्हा हे करायला नको. एवढं तुझ्या तोंडून गेलं तर तो कदाचित ऐकेल. माझं तो ऐकत नाही, लहानपणीही ऐकत नव्हता.

पूर्वाचं लग्न जमल्याचं मंगलला वहिनींकडून कळलं. फार आनंद झाला. मुलगा बंगळूरला आहे म्हणे, चांगलंच. तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? करून टाक, रांगेत बसू नकोस.

सेवागिरी महाराजांच्या रथाला येशील तर चारच दिवस आधी ये. वकीलबाई शनिवारी सकाळी भेटतात. नाही आलास तरी फोटो तेवढा पाठव, आणि पाठवायचा नसेल तर तसं स्पष्ट कळव. मी वाट बघत बसलो तर मुदत जाईल.

वहिनींना नमस्कार. पूर्वाला आशीर्वाद.

तुझा,
विठ्ठल

ता. क. आलास तर आधार कार्डाची झेरॉक्स आण. मागच्या वेळेसारखा मोबाईलमधला फोटो काढून दाखवू नकोस.