बांबूच्या बेटातून सुरू झालेली वाट

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

मृण्मयीला जंगल आणि पाण्यावरच्या तंट्यांचा अभ्यास करायचा आहे, आणि तंटे मिटवायला वकील असताना त्यात शास्त्रज्ञाचे काय काम, असे तू विचारले आहेस. उत्तरादाखल मी परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांच्या कारकिर्दीतले एक जुने प्रकरण सांगतो. पश्चिम घाटाच्या अहवालापेक्षा, खरे सांगायचे तर, मला तेच अधिक मोलाचे वाटते.

1970 च्या दशकात कर्नाटकातल्या बुरुडांनी गाऱ्हाणे मांडले की सरकार कागद गिरण्यांना टनाला दीड रुपया दराने बांबू देते आणि आमच्या हाताला मात्र बांबू मिळत नाही. जंगल उजाड होण्याचे खापर वनखाते गावकऱ्यांवर आणि त्यांच्या गुरांवर फोडत होते. गाडगीळ, जे हार्वर्डहून पीएच.डी. करून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले होते, ते बांबूच्या बेटांतच जाऊन पाहू लागले. बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांची दाट जाळी असते. ती काढली की वाढ चांगली होते, अशा समजुतीने ती साफ केली जात असे. गावकरी मात्र सांगत होते की त्यामुळे कोवळे कोंब उघडे पडतात आणि गुरे ते खाऊन टाकतात. पाहणीत गावकऱ्यांचेच म्हणणे खरे निघाले. न्याय कोणाचा हे वकील सांगू शकला असता. कोंब का जगत नाहीत, हे त्याला कुठून कळणार?

पुढे 2010 मध्ये केंद्र सरकारने त्यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाटासाठी समिती नेमली आणि 2011 मध्ये तिचा अहवाल आला. त्यात घाटातल्या भागांना पर्यावरणाच्या संवेदनशीलतेनुसार श्रेणी सुचवल्या होत्या, पण अंतिम निर्णय ग्रामसभांशी चर्चा करूनच व्हावा असेही म्हटले होते. अहवाल लोकांच्या भाषेत गावोगाव पोहोचण्याआधी अफवा पोहोचल्या, आणि विरोध पेटला. शेतकऱ्यांची धास्ती सगळीच खोटी होती असे मी म्हणणार नाही, कारण वनखात्याच्या नियमांचा त्यांचा अनुभव काही गोड नव्हता.

उलट बाजूने गडचिरोलीतले मेंढा (लेखा) पाहा. वनहक्क कायद्याखाली त्या गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरीही बांबूच्या वाहतुकीच्या परवान्यासाठी 2011 पर्यंत झगडावे लागले. हक्क कागदावर मिळाला म्हणून तंटा मिटत नाही; किती तोडायचे, कधी तोडायचे आणि पैसा कोणाच्या खात्यात जायचा, यावर तो पुन्हा उभा राहतो, आणि पहिल्या दोन प्रश्नांना मोजमाप लागते.

म्हणून मृण्मयीला अडवू नकोस. पगाराची तुझी काळजी रास्त आहे, अशी कामे बहुधा प्रकल्पाच्या मुदतीपुरतीच असतात. विषय ठरवण्याआधी तिने एखाद्या वनविभागाची कार्य आयोजना, म्हणजे जंगलाच्या व्यवस्थापनाचा वनखात्याचा आराखडा, मागवून वाचावी आणि त्यातले आकडे कोणी, कोठे उभे राहून मोजले, हे विचारावे. दिवाळीनंतर तिला इकडे पाठव, सोबत बसून वाचू. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश