वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार : बंद पडला गाडीचा फ्यूएल पंप, कारण दिलं इंजिन ऑइल

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग प्रमुख (दुचाकी),
मुख्य कार्यालय

विषय : 17 महिने, 15,400 किलोमीटर झालेल्या मोटरसायकलचा फ्यूएल पंप वॉरंटीत बदलून देण्यास नकार. जॉब कार्डची प्रत सोबत आहे, गाडीचा नंबर त्यावर आहे.

काल दुपारी तुमच्या पुणे विभागीय कार्यालयाशी शेवटचं बोलणं झालं. यापुढे फोन करणार नाही, जे काय ते लेखी.

गाडीचा दोष साधा आहे. चावी फिरवली की टाकीतला पंप दोन-तीन सेकंद घरघरतो आणि लाइनमध्ये दाब तयार करतो. 12 जुलैपासून तो आवाज बंद आहे. स्टार्टर फिरतो, इंजिन पेट घेत नाही. बॅटरी 12.6 व्होल्ट, फ्यूज शाबूत. पंपाच्या कनेक्टरवर टेस्ट लॅम्प लावला, चावी फिरवताच तो पेटतो आणि दोन-तीन सेकंदांनी विझतो. म्हणजे रिले आणि वायरिंग ठीक आहे, ईसीयू (इंजिन चालवणारा इलेक्ट्रॉनिक मेंदू) करंट देतोय आणि पंप फिरत नाही. तुमच्या सर्व्हिस सेंटरनेही जॉब कार्डवर 'फ्यूएल पंप नॉट वर्किंग' असंच लिहिलंय. निदानाबद्दल आपल्यात वाद नाही.

वाद इथे सुरू होतो. सहा दिवस गाडी ठेवून घेतल्यावर सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने सांगितलं, "तिसऱ्या फ्री सर्व्हिसनंतर गाडी आमच्याकडे आली नाही, ऑइल बाहेर बदललंय, वॉरंटी गेली." पंप आणि मजुरी मिळून 5,450 रुपयांचं एस्टिमेट हातात दिलं.

इंजिन ऑइल क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या भागात असतं आणि पंप पेट्रोलच्या टाकीत बुडालेला असतो. दोघांची कुठेही गाठ पडत नाही. हे तुमच्या इंजिनिअरना मी समजावायला नको, पण तुमच्या माणसांना कुणीतरी समजावायला हवं.

आणि ऑइल घरी का बदललं, तेही ऐका. तीनही फ्री सर्व्हिस तुमच्याच सेंटरला, वेळेत झाल्या, कूपनं आहेत. तिसऱ्या सर्व्हिसनंतर चेन तपासली तर मधोमध जेमतेम 10 मिलिमीटर ढील होती. तुमचं मॅन्युअल 25 ते 30 सांगतं. मागे माणूस बसला, गाडी खड्ड्यात दबली की एवढी घट्ट चेन ताणली जाते आणि पुढच्या स्प्रॉकेटच्या शाफ्टचं बेअरिंग खाते. पुण्याच्या रस्त्यांवर हे रोजचंच आहे. त्याच वेळी ऑइल काढायचा ड्रेन बोल्ट हवेच्या गनने आवळला होता आणि वॉशर जुनाच होता. क्रँककेस अ‍ॅल्युमिनियमचा असतो. असा बोल्ट वारंवार आवळला की आटे जाऊ शकतात आणि मग ऑइल थेंब-थेंब गळत राहतं.

म्हणून पुढची दोन ऑइल मी बदलली. गाडी सेंटर स्टँडवर, इंजिन चार मिनिटं गरम, मग दहा मिनिटं ऑइल निथळू दिलं. वॉशर दोन्ही वेळा नवा, बोल्ट टॉर्क रेंचने 24 न्यूटन-मीटर, मॅन्युअलमध्ये आहे तेवढाच. ऑइल 10डब्ल्यू-30, जासो एमए (दुचाकीच्या ऑइलचा जपानी दर्जा), एक लिटर. एमए मुद्दाम लिहितोय, कारण या गाडीचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि स्कूटरसाठीचं एमबी ऑइल टाकलं तर तो घसरू शकतो. नाना पेठेतल्या दुकानाची बिलं, डब्यावरचे बॅच नंबर, ओडोमीटरचे फोटो सोबत जोडले आहेत. टॅपेट क्लिअरन्स, एबीएस, स्कॅनर लावायची कामं घरी करू नयेत असं माझंही मत आहे आणि मी ती केलेली नाहीत. ऑइल, एअर फिल्टर, चेन ही कामं मात्र तुमच्याच मॅन्युअलमध्ये चित्रांसह दिली आहेत. मालकाने ती करायची नसतील तर छापली कशाला?

वॉरंटी पुस्तिकेत 'वेळापत्रकानुसार देखभाल' एवढंच म्हटलं आहे, आणि अयोग्य देखभालीमुळे झालेलं नुकसान वगळलं आहे. माझ्या ऑइलमुळे पंपाचं काय नुकसान झालं, ते एका ओळीत लिहून द्या, एवढंच मी तीन वेळा मागितलं. मिळालं नाही.

दुसऱ्या फोनवर कारण बदललं. आता म्हणे पेट्रोल भेसळीचं असेल. मग सहा दिवसांत नमुना का घेतला नाही? पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवलं तरी पाणी जास्त असेल तर तळाशी थर दिसतो. इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये ते पाहणं जास्तच गरजेचं. आणि टाकीच्या झाकणाशेजारी ई20 चं, म्हणजे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल चालतं असं स्टिकर तुम्हीच लावलंय. टाकी उघडल्याची नोंद जॉब कार्डवर नाही. न बघता ठरवलेलं कारण मी मान्य करणार नाही.

आता कालचा फोन. मी विचारलं, "ऑइल बदलल्याने पंप कसा जातो, सांगा." उत्तर आलं, "सर, सिस्टीममध्ये सर्व्हिस हिस्टरी दिसत नाही."

"हिस्टरी माझ्या हातात आहे, बिलांसकट."

"ती आम्ही धरत नाही."

"ठीक, पण पंपाचं कारण?"

थोडा वेळ शांतता. मागे कुणीतरी हसलं, ते मला स्पष्ट ऐकू आलं. मग ते म्हणाले, "तुम्ही यूट्यूब बघून ऑइल बदलता ना सर? मग पंपपण तसाच बदला. आमचा वेळ कशाला घेता?"

आणि फोन ठेवला. मी पुन्हा लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, वेटिंगवर ठेवून कट केला. पंधरा मिनिटांनी मेसेज आला, 'तुमची तक्रार समाधानकारकरीत्या बंद करण्यात आली आहे.' कुणाचं समाधान झालं? गाडीचं काम कोणी केलं? हा मेसेज मला त्या हसण्यापेक्षाही जास्त लागला. त्याचा फोटो जोडला आहे.

भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 कार कंपन्यांविरुद्ध आदेश दिला होता. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असं त्यात म्हटलं आहे. तो आदेश चारचाकींबद्दल होता, हे मला ठाऊक आहे. तत्त्व दुचाकीला लागू का नसावं, हे तुम्ही सांगा.

माझी मागणी : पंप वॉरंटीत बदलून द्या, गाडी सेंटरला नेण्याचे 900 रुपये परत करा, जुना पंप मला दाखवा. नाकारायचं असेल तर कारण लेखी, सहीसह. पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर तक्रार नोंदवून पुणे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहतो तिथेच दावा दाखल करता येतो, आणि एवढ्या रकमेला फीही लागत नाही.

घरातली ही तुमची दुसरी गाडी. पहिली 11 वर्षं चालली, तिचंही ऑइल घरीच बदललं जायचं, तेव्हा कुणी हरकत घेतली नव्हती. त्या गाडीवर विश्वास ठेवून ही घेतली.

गाडी कोथरूडला पार्किंगमध्ये उभी आहे. टाकी मी रिकामी केलेली नाही. पेट्रोलबद्दल शंका असेल तर तुमच्या माणसाने येऊन माझ्यासमोर नमुना घ्यावा.

आपला ग्राहक,
कोथरूड, पुणे