दहा दिवसांचं भांडण

आउग्सबुर्ग,
३ ऑगस्ट

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

एकाच घटनेची तारीख मुंबईकर इंग्रजांच्या कागदात एक, आणि गोव्याच्या पोर्तुगीज पत्रात बरोबर दहा दिवस पुढची कशी, यातलं खोटं कोण, असं तू विचारलंस. खोटं कोणीच नाही. दोघांनीही आपापल्या पंचांगातली तारीख प्रामाणिकपणे लिहिली. पंचांगं मात्र दोन होती, आणि ती दोन झाली युरोपातल्या कॅथलिक (पोपला मानणारे) आणि प्रोटेस्टंट (पोपला न मानणारे) यांच्या फुटीमुळे. ज्या गावात या दहा दिवसांवरून दंगल झाली, त्याच गावातून, जर्मनीतल्या आउग्सबुर्गहून, मी हे लिहिते आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी गणित. जुनी कालगणना ज्यूलियस सीझरची. वर्ष ३६५ दिवस ६ तासांचं धरलेलं, दर चौथं वर्ष लीप. खरं सौरवर्ष याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान. ही ११ मिनिटं साचत जातात आणि १२८ वर्षांत एक अख्खा दिवस होतो. इ.स. ३२५ च्या नायकियाच्या धर्मसभेच्या सुमारास वसंतसंपात (वसंतात दिवस-रात्र सारखे होतात तो दिवस) २१ मार्चला धरला जाई, तो १५८२ पर्यंत ११ मार्चवर आला होता. व्यापाऱ्याचं यात काही अडत नव्हतं. अडत होतं ते ईस्टरचं. ईस्टर म्हणजे २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. संपात कागदावर एकीकडे आणि आकाशात दुसरीकडे असला की कधी कधी पौर्णिमाच भलती धरली जाते, आणि सण महिनाभर लांबतो. त्याच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपवास, नंतरचं स्वर्गारोहण, पेंटेकॉस्ट, सगळी माळच ओढली जाते. आपल्याकडे अधिक मास चुकीचा धरला तर पुढच्या सणांचं जे होईल, तेच.

उपाय शोधला कालाब्रियातल्या लुइजी लिलिओ नावाच्या वैद्याने. तपासून पक्का केला क्लाव्हिउस या जेझुइट (कॅथलिक संन्याशांच्या संघातल्या) गणितज्ञाने. तेराव्या ग्रेगरी पोपने २४ फेब्रुवारी १५८२ ला आज्ञापत्र काढलं. साचलेले दहा दिवस एकदम काढून टाकायचे, आणि पुढे शतकाची वर्षं ४०० ने भाग गेला तरच लीप धरायची. म्हणून १६०० लीप, १७०० नाही. गुरुवार ४ ऑक्टोबर १५८२ नंतरचा दिवस शुक्रवार १५ ऑक्टोबर. तारखा उडाल्या, वारांची साखळी तुटली नाही. हे लक्षात ठेव, तुझं निम्मं काम यावरच होणार आहे.

आता हे बरोबर असलेलं गणित अर्ध्या युरोपने का नाकारलं? गणितावर आक्षेप घेणारे होतेच. केप्लरचे गुरू मेस्टलिन यांनी नव्या पंचांगाविरुद्ध लिहिलं. खुद्द केप्लर मात्र प्रोटेस्टंट असूनही त्याच्या बाजूचे. खरा आक्षेप आज्ञापत्राखालच्या सहीवर होता. १५१७ पासून सगळं भांडण पोपचा अधिकार कुठवर चालतो याचंच होतं, आणि त्याची सुरुवातीची एक गाठ याच गावात आहे. माइन्झचं आर्चबिशपपद मिळवण्यासाठी आल्ब्रेख्ट नावाच्या धर्माधिकाऱ्याने इथल्या फुग्गर पेढीकडून कर्ज काढलं. ते फेडायला पापाच्या शिक्षेतून सूट देणाऱ्या पापमोचनपत्रांची विक्री झाली: निम्मे पैसे रोमच्या सेंट पीटर चर्चच्या बांधकामाला, निम्मे फुग्गरांच्या हप्त्यांना. (याच पेढीने १५०५ मध्ये पोर्तुगीज सरदार आल्मेईदाच्या हिंदुस्थानकडे निघालेल्या ताफ्यातही भांडवल घातलं होतं.) प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या मार्टिन लुथरने ९५ मुद्दे मांडले ते या विक्रीवर. १५१८ च्या ऑक्टोबरात पोपचा दूत कार्डिनल काएतान याच्यासमोर त्याची चौकशी झाली तीही इथेच, आणि तो उतरला होता सेंट आनाच्या मठात. पेढीचा धनी याकोब फुग्गर याची समाधी त्याच सेंट आना चर्चमध्ये आहे. पुढे चर्च प्रोटेस्टंटांचं झालं, त्यामुळे कट्टर कॅथलिक सावकार प्रोटेस्टंट चर्चमध्ये चिरनिद्रा घेतो आहे.

१५३० मध्ये प्रोटेस्टंटांनी आपल्या श्रद्धेची २८ कलमं सम्राट पाचव्या चार्ल्सपुढे वाचली, तीही इथेच. दोन पंथांमधला १५५५ चा तहही इथलाच. राजाचा धर्म तो प्रदेशाचा धर्म, हे तत्त्व त्यातून आलं. पण थेट सम्राटाच्या अखत्यारीतल्या ज्या शाही शहरांत दोन्ही पंथ नांदत होते, तिथे दोघांनीही राहायचं असं ठरलं. आउग्सबुर्ग त्यातलंच. वस्ती बहुसंख्य प्रोटेस्टंट, नगरपरिषदेवर मात्र कॅथलिकांचा वरचष्मा, कारण १५४८ मध्ये सम्राटाने कारागिरांच्या संघांची सत्ता मोडून कारभार बड्या घराण्यांच्या हाती दिला होता.

अशा गावात १५८३ मध्ये परिषदेने नवं पंचांग लागू केलं. त्यांचं म्हणणं व्यवहाराचं होतं: भोवतीचा बिशपचा मुलूख आणि बव्हेरिया नव्या तारखांवर गेलेले, मग बाजार आणि मुदती जुन्या तारखांवर चालवायच्या कशा? प्रोटेस्टंट म्हणाले, तारीख बदलली की ईस्टर बदलतो, आणि आमचा ईस्टर ठरवण्याचा हक्क १५५५ नंतर पोपकडे उरलेला नाही. ते शाही न्यायालयात गेले. १५८४ च्या जूनमध्ये परिषदेने विरोध करणाऱ्या धर्मोपदेशक गेओर्ग म्यूलरला हद्दपार करायचं ठरवलं. त्याला नेणारी गाडी जमावाने अडवली, गाव हत्यारं घेऊन रस्त्यावर आलं, म्यूलर निसटला. पुढची काही वर्षं वाद निराळ्याच प्रश्नावर चालला: प्रोटेस्टंट धर्मोपदेशक नेमायचे कोणी? खरं दुखणं तेच होतं.

मला त्या लोकांना अडाणी म्हणवत नाही. ज्यांच्या हातून परिषद गेली आणि ज्यांचे धर्मोपदेशक सरकार उचलू शकत होतं, त्यांनी दहा दिवस धरून ठेवले, कारण धरून ठेवायला त्यांच्या हाती दुसरं फार काही नव्हतं. मात्र याची किंमत मोठी होती. एकाच गल्लीत एका घरात उपवास आणि दुसऱ्यात सण, अशी फारकत रोजच्या जगण्यात शिरली.

तीस वर्षांच्या युद्धाने हे गाव पिळून काढलं. ते युद्ध संपवणाऱ्या १६४८ च्या तहात या गावासाठी खास कलमं आली: दोन नगरप्रमुख, एक कॅथलिक, एक प्रोटेस्टंट, पदं निम्मी निम्मी, जिथे संख्या विषम, तिथे पाळीपाळीने. ही मोजून केलेली वाटणी शहर १८०६ मध्ये बव्हेरियात जाईपर्यंत टिकली. येत्या ८ तारखेला इथे सुट्टी आहे, जर्मनीत फक्त याच शहरात. १६२९ मध्ये याच दिवशी प्रोटेस्टंटांना उपदेश करायला बंदी झाली होती. १६५० पासून हा दिवस शांतीचा सण म्हणून पाळतात.

जर्मन प्रोटेस्टंटांनी शेवटी १७०० मध्ये १८ फेब्रुवारीनंतर १ मार्च धरला. तरी पोपचं पंचांग म्हणाले नाहीत, ‘सुधारित पंचांग’ म्हणाले, आणि ईस्टर केप्लरच्या कोष्टकांवरून स्वतंत्र काढला. त्यामुळे १७२४ आणि १७४४ मध्ये तारीख एक असूनही ईस्टर आठवड्याच्या फरकाने झाला. हा हट्ट १७७६ मध्ये संपला.

इंग्लंडने १७५२ पर्यंत दम धरला. तिथे २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर आला. आता तुझे कागद.

प्रथम कागद कोणी लिहिला ते बघ. सुरत, मुंबई, राजापूर, कारवारच्या इंग्रज वखारी जुन्या पंचांगावर. गोवा, वसई, चौलचे पोर्तुगीज नव्यावर. फ्रेंचही नव्यावर. डच प्रोटेस्टंट असले तरी हॉलंड प्रांताने नवं पंचांग आधीच घेतलं होतं, म्हणून वेंगुर्ल्याच्या वखारीला इंग्रजांचा नियम लावू नकोस. मुंबई इंग्रजांकडे गेल्यावर माहीमच्या खाडीच्या अलीकडे एक तारीख आणि पलीकडे वांद्र्याला पोर्तुगीजांची दहा दिवस पुढची, असं चालू होतं.

जुन्या तारखेत १० मिळवले की नवी येते. जुन्या पंचांगात १७०० साल लीप होतं, म्हणून तिथल्या १ मार्च १७०० पासून ११ मिळवायचे. शिवाय इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला सुरू होई. १ जानेवारी ते २४ मार्चमधल्या पत्रावर १६२९ दिसलं तर ते आपल्या हिशेबाने १६३०. चुका सगळ्यात जास्त इथे होतात. शकाचंही तसंच: ७८ मिळवायचे, पण पौष-माघ-फाल्गुनात इंग्रजी वर्ष बदललं असेल तर ७९.

महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य ३ शके १५५१, शुक्रवार. जुन्या पंचांगाने १९ फेब्रुवारी १६३०, नव्याने १ मार्च. दोन्हीकडे शुक्रवारच येतो, म्हणून वार हा तुझा साक्षीदार. वार जुळला नाही तर बहुधा तू रूपांतर दोनदा केलेलं असतंस. जंत्रीतल्या (तारखांच्या तयार कोष्टकातल्या) तारखा कोणत्या पंचांगाच्या आहेत ते तिच्या प्रस्तावनेत आधी वाच, मग बेरीज कर.

एक अडचण उरते. राज्याभिषेक ६ जून १६७४, म्हणजे गोव्याच्या हिशेबाने १६ जून, शनिवार. जेधे शकावलीत (जेधे घराण्याच्या जुन्या नोंदींत) मात्र शुक्रवार आहे. चूक नाही ती. सिंहासनारोहण तीन घटका रात्र उरली असताना, म्हणजे सूर्योदयाआधी ७२ मिनिटं. आपला वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजांचा मध्यरात्री. पहाटेच्या घटनांना हा एक दिवस कायम तपास.

अडलेल्या तारखा पाठव, पण प्रत्येकीपुढे कागद कोणाचा, वार कोणता आणि घटना दिवसाच्या कुठल्या वेळची, एवढं लिही. दादा-वहिनींना नमस्कार सांग.

तुझी,
आत्या