घरसामानाची बिल्टी आणि तिच्यावरची किंमत

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

शाळांच्या परीक्षा आटोपल्या की बदल्यांचे दिवस सुरू होतात आणि मुंबई-पुण्याकडे निघालेल्या बिऱ्हाडांचे टेम्पो महामार्गावर दिसू लागतात. गेल्या मे महिन्यात आम्हीही सोलापूरचे बिऱ्हाड मुलुंडला आणले. बांधणी, भरणे, वाहतूक आणि उतरवणे मिळून २२,००० रुपये, शिवाय सामानाची किंमत दोन लाख धरून तिच्या तीन टक्के म्हणजे ६,००० रुपये विम्याचे, असा व्यवहार फोनवरच ठरला आणि निम्मी रक्कम आगाऊ गेली. ज्याच्याशी बोलणे झाले त्याचे तोंड शेवटपर्यंत दिसले नाही. गाडी तर तिसऱ्याच कुणाची होती.

टेम्पो सोसायटीच्या फाटकाशी लागला तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि सोसायटीच्या नियमाप्रमाणे पाचनंतर सामान चढवता येत नाही. नेमका तेव्हाच फोन आला की, ऐरोली नाक्यावर भरलेली जकात, ई-वे बिलाचा, म्हणजे माल नेताना जीएसटीसाठी काढाव्या लागणाऱ्या ऑनलाइन कागदाचा, दंड आणि चौथ्या मजल्याची हमाली असे आणखी ९,००० रुपये मिळाल्याशिवाय दोर सुटणार नाहीत. मुंबईतील जकात १ जुलै २०१७ रोजी जीएसटीबरोबर बंद झाली, हे मला ठाऊक होते. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल मुळी लागतच नाही, हे नंतर कळले. पण पहारेकरी घड्याळाकडे बघत असताना आणि ऐंशी वर्षांची आई शेजाऱ्यांच्या खुर्चीवर ताटकळत बसलेली असताना वाद कोण घालणार? पैसे दिले. सामान वाहणाऱ्या चार पोरांचा यात काडीचाही दोष नव्हता, हेही नमूद केले पाहिजे. त्यांना त्या ९,००० पैकी काही मिळाले असेल, असे वाटत नाही.

४२ नगांपैकी ४१ उतरले. आईच्या तांब्याच्या बंबाला पोचा आला होता, कपाटाचा आरसा तडकला होता. हरवलेल्या खोक्यात पितळी डबे होते, पण यादीत ‘खोका – स्वयंपाक’ असे सात वेळा लिहिलेले असल्याने सातांतला कोणता खोका गेला, हेच मला दाखवता येईना. तक्रार केली तेव्हा ‘बिल्टी वाचा’, म्हणजे माल ताब्यात घेताना वाहतूकदार देतो ती पावती वाचा, असे उत्तर आले. बिल्टीवर ‘वापरलेले घरसामान, किंमत रु. १०,०००, जोखीम मालकाची’ असे छापील अक्षरांखाली पेनने भरलेले होते आणि खाली माझीच सही होती. विमा दोन लाखांवर घेतला, बिल्टी दहा हजारांची केली आणि विमा कंपनीची पॉलिसी मात्र कुठेच नव्हती. म्हणजे ‘विमा’ हे केवळ एका वसुलीचे नाव होते.

रस्त्याने परक्याचा माल वाहणाऱ्यांसाठी २००७ चा कायदा आहे आणि त्याचे नियम २०११ पासून लागू आहेत. त्याप्रमाणे असा व्यवसाय करणाऱ्याने परिवहन प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते, आणि माल हरवला किंवा मोडला तर वाहतूकदाराचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे ग्राहकावर नसते. भरपाई मात्र सर्वसाधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंत आणि तीही जाहीर केलेल्या किमतीच्या आतच मिळते. माझ्या बाबतीत दहापट म्हणजे २,२०,००० होत होते. ते त्या एका आकड्याने दहा हजारांवर आणले. म्हणून सामान बांधताना खोक्यांवर ‘काच’, ‘वरची बाजू’ असे लिहिण्यात आपण जितका वेळ घालवतो, त्यातली पाच मिनिटे तरी बिल्टीवरची किंमत स्वतःच्या हाताने भरण्यात घालवावीत.

ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. परंतु वाहतुकीच्या २००७ च्या कायद्याप्रमाणे नुकसानीची लेखी सूचना वाहतूकदाराला बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत द्यावी लागते. मी फोनवर फोन करत राहिलो, पलीकडून ‘साहेब, पुढच्या आठवड्यात’ ऐकत राहिलो आणि ही अट वकिलाकडून समजली तेव्हा सात महिने उलटून गेले होते.

नोंदणी असलेल्या वाहतूकदारांची जिल्हावार यादी प्रत्येक प्रादेशिक परिवहन कार्यालयाने मराठीत आणि सहज सापडेल अशी प्रसिद्ध करावी, तसेच १८० दिवसांची अट बिल्टीवर सहीच्या जागेलगत ठळक अक्षरांत छापणे बंधनकारक करावे, अशी परिवहन विभागाला आपल्या पत्राद्वारे विनंती आहे. यंदाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी हे झाले तर बरे.

आपला,
एक वाचक, मुलुंड (पूर्व)