खोडवा मोडला, आण्णा

आई, आण्णा, साष्टांग नमस्कार.

आधी तेच सांगून टाकते. आण्णा, नदीकडच्या पट्टीतला खोडवा, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारा ऊस, मी मोडला. डिसेंबरात ऊस तुटून गेला, लगेच रोटर मारला आणि दहा गुंठ्यांत गोड मका टोकला. दादाला ठाऊक होतं, पण त्याला मीच गप्प बसवलं होतं. त्याच्यावर आवाज चढवू नका. तिसरा खोडवा होता, मुळं खाणाऱ्या हुमणीच्या अळीनं निम्मी बेटं वाळवली होती, आणि रात्री लाइट आली की पाणी पाजायला उठणारं माणूस, म्हणजे तुम्ही, पुण्यात दादाकडं. तुम्ही दर फोनला विचारायचा, मी "ऊस बरा हाय" म्हणून विषय बदलायची. तीन महिने खोटं बोलले.

आता कणसं लागलीत. कणसं बाजारात जातात आणि केस मी वाळवते, चहासाठी. आई, हसू नकोस. म्हशीपुढं टाकायची वस्तू म्हणशील, पण मला उन्हाळी लागली की हेच केस उकळून तूच पाजायचीस ना? बशीत ओतून, फुंकर घालून. एखादा केस जिभेला चिकटला की मी भोकाड पसरायची आणि तू पदराच्या टोकानं तो काढायचीस.

आण्णा, कणसाच्या एकेका दाण्याला एकेक केस असतो, हे तुम्हीच बांधावर बसून दाखवलं होतं. केस कोवळे असताना ओरबाडले तर पराग पोचत नाही आणि कणीस बोळकं राहतं. म्हणून कणीस काढायच्या दिवशीच केस घेते. दव उतरलं की तोडायचं, पाला सोलायचा, बाहेरचं काळपट टोक कापून टाकायचं आणि आतले पिवळसर, ओलसर केस तेवढे ठेवायचे. माडीवर बाजेवर आईचं जुनं सुती लुगडं अंथरलंय (जांभळ्या काठाचं, रागावू नकोस), त्यावर पातळ पसरते. ऊन लागू देत नाही, रंग आणि वास दोन्ही जातात. सकाळ-संध्याकाळ हलवायचे. चार-पाच दिवसांनी चुरचुरले की काचेच्या बरणीत. फाल्गुनातली हवा कोरडी म्हणून जमतंय, आपल्या पावसाळ्यात एका रात्रीत बुरशी धरेल. बाजभर केस वाळले की बरणीचा जेमतेम तळ झाकतो. पहिल्या दिवशी रडूच आलं होतं.

फवारणीचं विचाराल. २०१८ पासून लष्करी अळी मक्याला सोडत नाही, पण चहाच्या पाच गुंठ्यांत औषध मारलेलंच नाही. पोंग्यातली अळी हातानं वेचली. बाकीच्या पाच गुंठ्यांत मारलं, तिथले केस म्हशीलाही घालत नाही.

एक बरणी दादाबरोबर पाठवतेय. चमचाभर केस, कपभर उकळतं पाणी, दहा मिनिटं झाकून ठेवायचं, गाळायचं. पण हे वहिनीसाठी. आण्णा, तुम्ही घ्यायचं नाही. तुमच्या दाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे आणि केसांनीही लघवी वाढते. दोन्ही मिळून दाब खाली गेला, चक्कर येऊन पडला तर? आई, तुझ्या साखरेच्या गोळ्या चालू आहेत, तूही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घोटभरसुद्धा नाही. खालच्या आळीतल्या काकू "मूतखडा पडतो" म्हणून सांगत फिरतात, त्यांचं ऐकून दादाच्या सासऱ्यांना पाजू नका. लेकीच्या हातचं आहे म्हणून चोरून प्याल, ओळखते मी तुम्हाला.

गॅलरीत खुर्ची ठेवली का? सकाळचं ऊन तिथंच येतं म्हणे. बाथरूममध्ये रबरी मॅट टाकायला दादाला सांगितलंय, टाकली नसेल तर मला कळवा. शाळूचं पीठ आणि गूळ धाडलाय. चटणीत मीठ कमी घातलंय, वरून घालून घेऊ नका. आई, भाकरी थापायला उभी राहू नकोस, गुडघा बोलतो मग रात्रभर.

आणि आण्णा, विहिरीकडच्या उसाला मी हात लावलेला नाही. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला याल तेव्हा तुम्ही बांधावरून फिरून बघा, मग ठरवू. तोवर भरणी करून, बुडाला माती लावून घेते; पैरा, म्हणजे एकमेकांच्या रानात राबायची माणसं, सांगून ठेवलाय.

तुमची लेक